वाजणारी फरशी

सुकलालआबांनी आयुष्यात दोनदा बूट घातले, एकदा स्वतःच्या लग्नात आणि एकदा मुलाच्या. दोन्ही वेळा फोटो काढून होताच त्यांनी ते काढून ठेवले. बूट चावायचे अशातला भाग नाही. पायात बूट असला की आपल्याला काही समजत नाही, असं त्यांचं म्हणणं. पाहुणेमंडळी यावर हसायची. सुरतेतल्या लिंबायतच्या एखाद्या जुन्या कारागिराला सांगून पाहा, तो हसणार नाही.

सतराव्या वर्षी ते अमळनेरकडच्या एका खेड्यातून पॅसेंजर गाडीनं सुरतेला आले, सुपडूमामाच्या मागोमाग. मामा आधीपासून लिंबायतमध्ये कापडाच्या कारखान्यात होता. त्यानं भाच्याला घरी नेऊन जेऊ घातलं आणि संध्याकाळच्या पाळीला संच्यांपुढे उभं केलं. संचा म्हणजे यंत्रमाग. सुरतेतला मराठी माणूसही त्याला संचाच म्हणतो. एका पत्र्याच्या शेडमध्ये अठ्ठेचाळीस संचे एकदम चालले की काय होतं, ते सांगून कळायचं नाही. तिथं तोंडानं बोलायला जाणारा माणूस नवखा समजावा. बोलणं सगळं हातांनी. मनगट फिरवलं की धागा तुटला, दोन बोटं ओठाला लावली की चहा आला, नाकाला बोट लावलं की सेठ येतोय. सेठचं नाक जरा मोठं होतं.

पण मामानं खरी विद्या दिली ती बाहेर, टपरीवर. म्हणाला, "कानवर भरोसा ठेऊ नको. पायले इचार."

हे सुकलालला तेव्हा कळलं नाही. वर्षभरानं कळलं. अनवाणी उभं राहिलं की शेडची फरशी तळव्यांना सगळं सांगते. एखाद्या संच्याचा आडवा धागा नेणारा धोटा नीट फेकला जात नसेल, कुठला बोल्ट ढिला झाला असेल, तर चालीतला तो फरक आधी पायाला लागतो, मग डोळ्यांना दिसतो. पुढं पुढं तर सुकलाल या टोकाला उभा राहून त्या टोकाचा कितवा संचा बिघडायच्या बेतात आहे ते सांगू लागला. मिस्त्री विश्वास ठेवायचा नाही, उघडून बघायचा आणि मान हलवायचा. या गोष्टीचा आबांना जरा गर्वच होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. चाळीस वर्षांच्या नोकरीत माणसाला एवढा गर्व माफ असावा.

त्या चाळीस वर्षांनी कान मात्र खाल्ले. एकदम नाही, हळूहळू. आधी पाखरं गेली, मग कुकरची शिट्टी गेली, मग माणसं. लिंबायतमध्ये हे कुणाच्या ध्यानात यायचं कारण नव्हतं, कारण आबांच्या वयाचे सगळेच तसे होते. गल्लीत दोन म्हातारे ओट्यावर बसून गावाकडच्या पावसाविषयी बोलत असले तरी नव्या माणसाला ते हातघाईवर आलेत असं वाटायचं. समोरच्याच्या ओठांकडे बघायचं, हाताकडे बघायचं, उरलेलं अंदाजानं भरून काढायचं. आबा त्यात इतके तरबेज झाले की त्यांना किती कमी ऐकू येतं, हे त्यांचं त्यांनाही पुष्कळ दिवस ठाऊक नव्हतं.

आणि घरात माळा होता. खाली एक खोली, वर फळ्या ठोकून केलेला माळा, त्यावर आबा झोपायचे. रात्रपाळी करून आले की दिवसभर तिथंच. खाली त्यांच्या पत्नी मंगलाबाई काय करतात ते त्यांना फळ्यांतून कळत असे. त्या शिडी चढू लागल्या की पहिल्या पायरीलाच आबांचे डोळे उघडायचे. मंगलाबाई भारी बोलक्या. शिडीवरूनच त्यांचं बोलणं सुरू व्हायचं आणि त्या वर पोचेपर्यंत अर्धं होऊन गेलेलं असायचं. आबा हसून मान हलवायचे. त्या म्हणायच्या, या माणसाला काही सांगा, कधी नाही म्हणत नाही.

मुलगा धर्मेंद्र शिकला. साड्यांवरच्या भरतकामाची डिझाइनं तो कॉम्प्युटरवर काढून देतो. त्याची बायको वर्षा शाळेत शिकवते. दोघांनी मिळून कामरेजच्या बाजूला नव्या इमारतीत पहिल्या मजल्यावर फ्लॅट घेतला, खाली पार्किंग, वर मोकळी हवा. लिंबायतची खोली सोडताना मंगलाबाई रडल्या, आबा नाही. नवं घर बघून ते खूश होते. हॉल केवढा, खिडक्या केवढ्या. आणि सगळीकडे पांढरीशुभ्र, तोंड दिसेल अशी टाइल्सची फरशी.

त्या फरशीनं आबांचं घर काढून घेतलं. हे मी जरा जोरात बोलतोय, पण झालं तसंच. सिमेंटवर घट्ट बसवलेली ती टाइल, तिच्यावरून माणूस चालला काय आणि न चालला काय, तळव्याला काहीच सांगत नाही. आबा खिडकीपाशी उभे असायचे आणि वळून बघतात तो मागं वर्षा कप घेऊन उभी, केव्हाची उभी कोण जाणे. ते दचकायचे, चहा सांडायचा, वर्षा घाबरून माफी मागायची. मग आबांनी आपली खुर्ची भिंतीला टेकवून घेतली, म्हणजे येणारा माणूस समोरूनच येईल. धर्मेंद्रला वाटलं, आबांना तिथं वारा लागतो. त्यानं कानाचं मशीनही आणून दिलं होतं. त्यात ताटं वाजायची, पंखा वाजायचा, शिटी वाजायची आणि माणसाचं बोलणं काही केल्या यायचं नाही. आठ दिवसांनी ते डबीत गेलं. 'आता बरं येतं ऐकू' असं आबांनी सांगून टाकलं, आणि तोंडासमोर बोलणाऱ्या मुलाला ते खरं वाटलं. खरी गोष्ट फक्त मंगलाबाईंना माहीत होती. दोघांत त्याविषयी कधी एक शब्द झाला नव्हता.

दिवाळीनंतरची गोष्ट. दुपारी तीनच्या सुमाराला मंगलाबाई डोक्यावरून न्हायला गेल्या. आबा हॉलमध्ये पेपर वाचत बसले. त्यांनी तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला, बाजारभावसुद्धा वाचले. चार वाजून गेल्यावर वर्षा शाळेतून आली, आत गेली आणि धावत बाहेर आली. मंगलाबाई न्हाणीत घसरून पडल्या होत्या. गुडघा सुजला होता, उठता येत नव्हतं. दोघांनी धरून त्यांना पलंगावर आणलं. वर्षानं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, आत्ताच पडले ग, तू कुलूप उघडलंस तेव्हाच.

आबांनी त्यांच्या केसांना हात लावला. शिकेकाईचा फेस केसांतच वाळून कडक झाला होता. न्हाणीतली फरशीही कोरडी झाली होती. कापडावर नजर ठेवून आयुष्य गेलेल्या माणसाला ओलं काय नि वाळलेलं काय हे समजत नाही असं थोडंच आहे. तासभर ती तिथं बसून होती आणि आपण दहा पावलांवर बाजारभाव वाचत होतो, हे त्यांना कळलं. तासभर तिनं हाका मारल्या असतील.  तिथून पुढं त्यांना दुपारी धड जेवण जाईना. मंगलाबाई न्हाणीकडे गेल्या की ते उठून दाराबाहेर उभे राहायचे, आणि त्या बाहेर आल्या की टॉवेल शोधत असल्यासारखं करायचे.

गुडघा बरा झाला, पण डाव्या पायात थोडं लंगडणं राहिलं. वर्षाचं मत पडलं की या टाइल्स फार गुळगुळीत आहेत, आईंसाठी घरात लाकडी फरशी करावी. न्हाणीत आणि स्वयंपाकघरात खरखरीत टाइल, बाकी सगळीकडे लाकूड. धर्मेंद्रनं ते एकदम उचलून धरलं. करायचं तर अस्सल सागवान करायचं, म्हणाला. माळ्याच्या फळ्यांवर लहानाचा मोठा झालेला मुलगा. आईबापांना एकदा खरं, पॉलिश केलेलं लाकूड पायाखाली द्यावं असं त्याच्या मनात होतं. एका रविवारी चौघं रिक्षा करून कतारगामला गेली. तिथं ललितभाईंचं फरश्यांचं मोठं दुकान आहे.

ललितभाई माणूस सरळ होता. सागवान विकलं तर त्याचाच फायदा जास्त, तरी त्यानं आधी सगळ्या अडचणी सांगितल्या. खरं लाकूड बसवायचं तर खाली पट्ट्या ठोकाव्या लागतात, जमीन दोन इंच वर येते, मग घरातला एकेक दरवाजा खालून कापा. पावसाळ्यात सुरतेच्या दमट हवेत ते फुगतं, उन्हाळ्यात फटी पडतात, चार वर्षांनी घासून पुन्हा पॉलिश, आणि वाळवीची धास्ती वेगळीच. त्यापेक्षा लॅमिनेट घ्या, म्हणाला. आठ मिलिमीटरची पट्टी, एकीची कड दुसरीत अडकवायची, आहे त्या टाइलवरच बसते, खिळा नाही, सिमेंट नाही, दोन दिवसांत काम संपलं. घासलं तरी चरा पडत नाही.

धर्मेंद्रनं एक पट्टी हातात घेऊन कडेनं बघितली. आत दाबलेला भुसा, वर लाकडाचा छापील कागद आणि त्यावर कडक थर. त्याचा चेहरा उतरला. म्हणजे लाकडाचा फोटोच की हा, तो म्हणाला. आबांनी ती पट्टी त्याच्या हातातून घेतली आणि त्याला हसून सांगितलं की, मी जन्मभर कोरं कापड विणलं, ते पुढं मिलमध्ये छापलं गेलं आणि लोकांनी छपाई बघून घेतलं. त्या छपाईवरच तू शिकलास. छापलेल्याला नावं ठेवू नकोस. 

दुकानात मागच्या बाजूला नमुन्याच्या फरश्या अंथरल्या होत्या, सात-आठ हात लांबीच्या. आबांनी चप्पल काढून त्यांतल्या पहिलीवर पाय ठेवला आणि ते थांबले. ललितभाईचा माणूस दुसऱ्या टोकावरून चालत येत होता आणि त्याचं एकेक पाऊल आबांच्या तळव्याला लागत होतं. फार वर्षांनी असं झालं होतं. त्यांनी डोळे मिटले. तो माणूस थांबला, तेही कळलं. टाच उचलून परत टेकवली, तेही कळलं.

ललितभाईला वाटलं, म्हाताऱ्याला आवाज खटकतोय. तो लगबगीनं पुढं आला. पट्ट्यांखाली फोम अंथरतात, या नमुन्याखाली अगदी पातळ आहे म्हणून ही वाजते, असं त्यानं समजावलं. पलीकडच्या फरशीखाली जाड रबरी थर आहे. सगळे तोच घेतात. तिच्यावर घोडा पळाला तरी शेजारच्या माणसाची झोप मोडायची नाही. आबा त्या फरशीवर गेले. मंगलाबाईंना त्यांनी हातानं खुणावलं, चाल. त्या लंगडत या टोकाकडून त्या टोकाला गेल्या. आबांना काहीच कळलं नाही. ते परत पहिल्या फरशीवर आले आणि बायकोला पुन्हा खुणावलं. दुकानात दुसरी गिऱ्हाइकं होती, ती बघू लागली. मंगलाबाई लाजल्या, पण चालल्या. उजवं पाऊल, मग जरा उशिरानं आणि हलकं डावं.

आबा म्हणाले, हीच घ्यायची, पातळवाली.

इथून वाद सुरू झाला. धर्मेंद्र वैतागला. मी सागवान द्यायला निघालो, तुम्ही लॅमिनेटवर आलात, ते ठीक. आता त्यातही दुकानातली सगळ्यात हलकी, खडखडणारी का? आईची दुपारची झोप मोडेल, पाहुणे काय म्हणतील. आबा मान हलवून ऐकत राहिले आणि शेवटी पुन्हा पातळच म्हणाले. वर्षानं विचारलं, पण का, आबा? आबांनी खिडकीबाहेर बघितलं.

मंगलाबाईंचं वेगळंच. त्यांना कुठलंच लाकूड नको होतं. ललितभाईनं बोलता बोलता सांगितलं होतं की या फरशीवर पाणी ओतायचं नाही, साचू द्यायचं नाही, पट्ट्यांच्या कडा फुगतात. ओल्या फडक्यानं पुसायचं, तेही पिळून. हे ऐकल्यापासून त्या गप्प झाल्या होत्या. आता त्या बोलल्या आणि बोलल्या त्या सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. तिच्या आधी घर अंथरुणापासून उंबऱ्यापर्यंत धुवून निघतं, जमिनीवर बादल्याच्या बादल्या पाणी पडतं. सासूच्या आधीपासून चालत आलेलं आहे. सुरतेत एका खोलीत राहिलो तेव्हाही आपण एक वर्ष चुकवलं नाही. देवीला काय सांगू, यंदा फडकं फिरवलंय, चालवून घे? त्यापेक्षा ती टाइल बरी, मी पडले तर पडले.

'पडले तर पडले' हे शब्द आबांनी त्यांच्या ओठांवरून वाचले. दुकानातल्या बाकावर ते खाली बसले. आतापर्यंत त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. आपल्याला काही ऐकू येत नाही हे एकदा घरात कळलं की आपण खुर्चीतलं सामान झालो, जेवायला उठवायचं आणि झोपायला न्यायचं, ही त्यांची भीती होती. कारखान्यातल्या म्हाताऱ्यांचं तसं झालेलं त्यांनी पाहिलं होतं. पण आता दुसरा उपाय उरला नव्हता.

"धर्मा, माले आयकू येत नही," ते म्हणाले. "थोडं कमी नही, काहीच नही. तुन्ह तोंड दिसस म्हनीसन मी बोलस." मग त्यांनी बायकोकडे न बघता पुढचं सांगितलं. "तुनी माय न्हानीमा पडनी, तवय ती घंटाभर हाका मारत व्हती. मी दहा पावलंवर पेपर वाचत बठेल व्हतू. हाई पातळ फरशी लाव. आते ती पडनी तं मना पायले कळी."

ललितभाईला अहिराणी येत नव्हती, पण तो तिथून सरकून दुसऱ्या गिऱ्हाइकांकडे गेला. धर्मेंद्र बापाच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. रोज ज्याच्याशी बोलतो त्याला आपलं काही ऐकूच जात नाही, ही गोष्ट त्याच्या डोक्यात शिरायला वेळ लागत होता. वर्षाचे डोळे भरून आले. आपण किती वेळा मागून बोलून, उत्तर आलं नाही म्हणून मनातल्या मनात रुसून निघून गेलो, ते तिला आठवत असावं.

मंगलाबाई आबांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. ओठ नीट दिसावेत म्हणून जरा वाकल्या आणि सावकाश बोलल्या.

"मी हाकच मारेल नव्हती."

आबांना वाटलं, आपण चुकीचं वाचलं. त्यांनी हातानं विचारलं, काय?

"तुम्हले आयकू येत नही," त्या म्हणाल्या. "मंग हाक कसाले मारू?"

त्यांनी हे समजूत घालायला सांगितलं होतं. नवऱ्यानं इतके महिने जो दोष डोक्यावर घेतला तो खरा नव्हताच. न मारलेली हाक ऐकली नाही म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही. त्यांच्या परीनं त्यांनी ओझं उतरवलं होतं. आबांना मात्र ते कळून आणखी खोल लागलं. ती पडली, गुडघा धरून ओल्या फरशीवर तासभर बसली, आणि दहा पावलांवर नवरा आहे हे माहीत असून तिनं त्याला हाक मारायचा विचारसुद्धा केला नाही. सून येईल म्हणून वाट बघत बसली. शिडीच्या पहिल्या पायरीपासून बोलत येणारी ही बाई कधी गप्प झाली, कुठल्या वर्षी तिनं हे सोडून दिलं, ते आबांना आठवून आठवेना. आपण न ऐकताच मान हलवत राहिलो, आणि तिला ते पहिल्यापासून कळत होतं.

 घरी परतताना रिक्षात, वराछाच्या पुलावर मंगलाबाईंनी धर्मेंद्रच्या खांद्याला हात लावून सांगितलं की पातळवाली घे. आणि कानबाईचं? असं त्यानं विचारलं, तर म्हणाल्या, कानबाई काय बादल्या मोजत बसते होय? मी दोनदा पुसून काढीन, तीनदा पुसून काढीन. तिला घर चोख लागतं, पूर नाही लागत. एवढं बोलून त्यांना स्वतःलाच बरं वाटलेलं दिसलं.

फरशी बसवायला दोन कारागीर आले. आबा खुर्ची घेऊन त्यांच्या डोक्यावर बसले. पट्ट्या कुठल्या दिशेनं जाणार हे त्यांनी ठरवलं: न्हाणीच्या दारापासून निघून आतली खोली, बोळ आणि हॉल, सरळ त्यांच्या खुर्चीपर्यंत. ताण्याचे धागे जसे एका टोकापासून दुसऱ्या टोकाला सलग जातात तसं. प्रत्येक दरवाज्यात फरशी तोडून मध्ये धातूची पट्टी बसवायची कारागिरांची पद्धत होती. आबांनी ती बसवू दिली नाही. कारागीर म्हणाला, काका, दिसायला ती चांगली दिसते. आबा म्हणाले, दिसायला माझे डोळे चांगले आहेत. घर लहान होतं, भिंतीकडेला बोटभर फट सोडली की सलग बिछायतीनं बिघडणार नव्हतं, म्हणून त्यानं ऐकलं. फिकट सागवानी रंगाची फरशी झाली. धर्मेंद्र तिच्यावरून हात फिरवून म्हणाला, फोटो चांगला आलाय.

आणि आबांना घर परत मिळालं. पहिल्याच सकाळी त्यांना कळलं की वर्षा टाचा न टेकवता घाईनं चालते, शाळेच्या दिवशी जास्तच. धर्मेंद्र टाच आपटतो. फोनवर असला की एकाच जागी फेऱ्या मारतो. खुर्ची त्यांनी भिंतीपासून काढून खिडकीत ठेवली. आता मागून कुणी आलं तरी ते वळून न बघता 'ठेव तिथं कप' म्हणायचे आणि वर्षा हसायची. घरातली माणसंही बदलली. धर्मेंद्र आता बापाशी बोलायचं तर समोर येऊन बसायचा. खुर्चीतलं सामान होण्याची भीती तेवढी खोटी ठरली. रात्रंदिवस एक पाऊल मात्र त्यांच्या तळव्यांत असायचं, उजवं आणि मग उशिरानं डावं. न्हाणीकडे जाताना, पलंगाकडे जाताना, देवापाशी जाताना. ती पडली तर कळेल, न्हाणीत गेलेलं पाऊल वेळेवर बाहेर आलं नाही तर तेही कळेल, याची आता त्यांना खात्री होती. दुपारचं जेवण जाऊ लागलं.

तरी एक गोष्ट तशीच राहिली. मंगलाबाईंना काही हवं असलं तर त्या लंगडत हॉलपर्यंत यायच्या, समोर उभ्या राहायच्या आणि सांगायच्या. वरच्या फळीवरचा डबा काढायचा असला तरी एवढं चालून यायच्या आणि आबांना घेऊन परत जायच्या. कितीही दुखत असलं तरी. आबा काही म्हणाले नाहीत. आपण म्हटलं तर ती उद्यापासून हाक मारील, पण ती आपण मागून घेतलेली होईल, असं त्यांच्या मनात असावं. श्रावण आला. कानबाई बसली. घर तीनदा पुसून झालं, बायका नाचल्या, आबा कोपऱ्यात अनवाणी उभे राहून हसत होते. देवी गेली. पितृपक्ष आला.

त्या पंधरवड्यातली एक साधी दुपार. मुलगा-सून कामावर गेलेली. आबा खिडकीत बसून पेपर वाचत होते. मंगलाबाई आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत होत्या. त्या पलंगाच्या कडेला बसल्या आहेत हे आबांना माहीत होतं, मघाशी पाऊल तिथंच थांबलं होतं. तेवढ्यात त्यांच्या तळव्याला काहीतरी लागलं. ते चालणं नव्हतं. एकाच जागी, टाच जोरात, दोनदा. मग थोडं थांबून परत दोनदा.

आबांच्या हातातला पेपर खाली पडला. ते उठले, धावले म्हटलं तरी चालेल, आणि दारात जाऊन उभे राहिले. मंगलाबाई पलंगावर धडधाकट बसल्या होत्या, मांडीवर अर्धी घडी केलेला टॉवेल. आबांनी छातीवर हात ठेवून विचारलं, काय झालं?

त्या लग्नातल्या पोरीसारख्या लाजल्या. टॉवेलची घडी पुरी केली, मग मान वर करून, ओठ नीट दिसतील अशा बोलल्या.

"काही नही. हाक मारी पाही."

आबा दारात तसेच उभे राहिले. मग वळले, हॉलमध्ये जाऊन परत खुर्चीत बसले, दोन्ही पाय नीट फरशीवर टेकवले आणि तिथून मोठ्यानं म्हणाले, "आजून एक डाव मार."